बॅग हरवली तरी प्रवास अडू नये

परदेशी जायचं ठरलं की बॅग भरायला आपल्याकडे पंधरा दिवस आधीच सुरुवात होते. आतल्या खोलीत पलंगावर बॅग उघडी पडलेली असते आणि घरातला प्रत्येक जण तिच्यात काही ना काही टाकत असतो. लेकीसाठी गोडा मसाला आणि मेतकूट, जावयासाठी चकली, नातवंडांसाठी कपडे आणि गोष्टींची पुस्तकं, शिवाय शेजारच्यांच्या मुलासाठी ‘एवढंसं’ पाकीट. सगळ्यांना चिंता एकच असते, वजनात बसेल ना? माझी विनंती आहे, वजनकाटा काढण्याआधी स्वतःला दुसरा प्रश्न विचारा. ही बॅग आपल्याबरोबर पोहोचलीच नाही, तर आपलं काय काय अडेल?

बहुतेक बॅगा नीट पोहोचतात, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. पण २०२३ साली जगभरात दर हजार विमानप्रवाशांमागे सुमारे सात बॅगा उशिरा पोहोचल्या, फुटल्या किंवा हरवल्या. त्यातला मोठा वाटा वाटेत विमान बदलताना चुकलेल्या बॅगांचा होता. पुणे, नागपूर, गोवा इथून लांब निघालेल्या माणसाला बहुधा एकदा, कधी दोनदा विमान बदलावं लागतं. चुकलेली बॅग बहुधा काही दिवसांत हाती येते. पण तेवढ्या दिवसांत मधुमेहाच्या माणसाचं इन्सुलिन तिच्यात अडकलेलं असेल, किंवा विद्यार्थ्याची मूळ प्रमाणपत्रं तिच्यात असतील, तर नुकसान भरून येत नाही.

पहिल्यांदा मुलांकडे निघालेले आईवडील, शिकायला निघालेली मुलं आणि ग्रुप टूरने युरोप बघायला जाणारी मंडळी, या सगळ्यांना माझं सांगणं एवढंच आहे: बॅग अशी भरा की ती हरवली तरी प्रवास अडू नये.

चार ढीग करा

बॅग भरण्याआधी सगळं सामान पलंगावर मांडा आणि त्याचे चार ढीग करा. पहिला अंगावर ठेवायच्या वस्तूंचा. दुसरा हातातल्या बॅगेत न्यायच्या वस्तूंचा. तिसरा काउंटरवर सोपवायच्या मोठ्या बॅगेचा. चौथा घरीच ठेवायच्या वस्तूंचा. हा चौथा ढीग सगळ्यात अवघड, कारण प्रत्येक वस्तूमागे कुणाचं तरी प्रेम असतं. तरी तो करा. पुढचा बराचसा त्रास तिथेच वाचतो.

अंगावर काय असावं

पासपोर्ट, एक कार्ड, थोडं परकीय चलन, मोबाइल, त्या दिवसाची औषधं आणि जिथे जायचं तिथला पत्ता व फोन नंबर कागदावर लिहिलेला. मोबाइलची बॅटरी संपली की त्यातले सगळे नंबर असून नसल्यासारखे, म्हणून कागद हवाच. हे सगळं गळ्यात किंवा कमरेला घालायच्या सपाट पाउचमध्ये, कपड्यांच्या आत राहू द्या. बायकांनी परकराला किंवा सलवारीला आतून चेनचा खिसा शिवून घ्यावा. शिंपी तासाभरात करून देतो आणि त्याच्यासारखी सोय नाही.

अंगावरच का, याचंही कारण आहे. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरताना जपान एअरलाइन्सचं विमान तटरक्षक दलाच्या विमानावर आदळलं आणि पेटलं. तटरक्षक दलाच्या विमानातले पाच जण गेले, पण प्रवासी विमानातले सगळे ३७९ जण जिवंत बाहेर पडले. डोक्यावरच्या बॅगा काढायला लोक थांबले नाहीत, हे त्यामागचं मोठं कारण होतं. अशी वेळ कुणावर येऊ नये. पण आली, तर हात रिकामे ठेवून धावायचं असतं, आणि ज्याचा पासपोर्ट छातीशी आहे त्याचा जीव बॅगेत अडकत नाही.

पासपोर्टचं पहिलं आणि शेवटचं पान, व्हिसा, तिकीट, विम्याची पॉलिसी यांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा, स्वतःला ईमेल करा आणि मुलांकडेही पाठवून ठेवा. कागदी झेरॉक्सचा एक संच मोठ्या बॅगेत टाका. परदेशात पासपोर्ट हरवला तर आधी तिथल्या पोलिसांत तक्रार करायची आणि मग भारतीय दूतावास किंवा वाणिज्य दूतावास गाठायचा. तिथे नवा पासपोर्ट किंवा फक्त परत येण्यापुरतं आपत्कालीन प्रमाणपत्र मिळतं. जुन्या पासपोर्टची प्रत हाताशी असेल तर हे काम पुष्कळ सोपं होतं.

हातातली बॅग

आपल्याकडच्या बहुतेक विमान कंपन्या इकॉनॉमीच्या प्रवाशाला हातात सात किलो नेऊ देतात. हे सात किलो फराळात घालवू नका. त्यात आधी सगळी औषधं, जास्तीचा चष्मा, श्रवणयंत्र आणि त्याचे सेल, दागिने, मूळ कागदपत्रं, लॅपटॉप, चार्जर आणि दोन दिवसांचे कपडे जाऊ द्या. थंडीच्या दिवसांत निघाला असाल तर जाड स्वेटर अंगावर किंवा हातात ठेवा. शिकागोला जानेवारीत उतरायचं आणि कोट मोठ्या बॅगेत, असं करू नका.

औषधांबद्दल जरा थांबून सांगतो. औषधं डब्यांत किंवा पुड्यांत काढून नेऊ नका, ती मूळ पाकिटातच हवीत. डॉक्टरांकडून टाइप केलेलं, सही-शिक्क्याचं इंग्रजी प्रिस्क्रिप्शन घ्या आणि त्यात औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. आपल्याकडची ब्रँडची नावं बाहेर कुणाला माहीत नसतात. आपण ज्याला क्रोसिन म्हणतो ते पॅरासिटामॉल, आणि तेच अमेरिकेत अ‍ॅसिटामिनोफेन म्हणून विकलं जातं. इन्सुलिन मोठ्या बॅगेत कधीच ठेवू नका. विमानाच्या पोटात थंडी असते, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन पुन्हा पातळ झालं तरी कामाचं राहत नाही.

प्रत्येक देशाचे औषधांचे नियम वेगळे असतात. अमेरिकेत साधारण ९० दिवसांची औषधं स्वतःच्या वापरासाठी नेण्याचा संकेत आहे. जपानमध्ये डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं साधारणपणे एका महिन्याची नेता येतात, जास्त हवी असतील तर आधी परवानगी काढावी लागते. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, आणि त्याचं प्रमाण दहा टक्क्यांच्या वर असलेली औषधं तिथे चालत नाहीत. दुबई-अबुधाबीला ट्रॅमाडॉल आणि कोडीन असलेली वेदनाशामकं किंवा खोकल्याची औषधं आधी परवानगी न घेता नेऊ नका. इथल्या मेडिकलमध्ये सहज मिळतं म्हणून ते सगळीकडे चालतं, असं धरून चालणं महागात पडतं. झोपेच्या, मानसिक आजाराच्या किंवा तीव्र वेदनेच्या गोळ्या चालू असतील तर जायच्या महिनाभर आधी त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर बघा.

पॉवर बँक हातातच ठेवायची, मोठ्या बॅगेत कधीही नाही. लिथियमची बॅटरी बिघडली तर ती स्वतःहून तापत जाते आणि पेटते. प्रवाशांजवळ पेटली तर विमानातले कर्मचारी ती विझवू शकतात, खाली सामानात पेटली तर तिथे कुणाचा हात पोहोचत नाही. मर्यादा १०० वॅट-अवरची आहे, म्हणजे साधारण २७,००० एमएएचपर्यंत. २०,०००ची नेहमीची पॉवर बँक त्यात बसते, मात्र तिच्यावरचे आकडे पुसलेले नसावेत. २८ जानेवारी २०२५ ला दक्षिण कोरियात बुसानजवळच्या विमानतळावर एअर बुसानचं विमान उड्डाणाआधीच जळालं. डोक्यावरच्या कप्प्यातल्या पॉवर बँकेतून आग लागली असावी, असं तपासात पुढे आलं. म्हणून ती वरच्या कप्प्यात न टाकता समोर किंवा खिशात ठेवा, डोळ्यांसमोर.

पातळ पदार्थांचा नियम आता बहुतेकांना ठाऊक आहे: प्रत्येक बाटली १०० मिलिलिटरपर्यंत आणि सगळ्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. ऑगस्ट २००६ मध्ये इंग्लंडहून अमेरिकेला जाणारी विमानं पातळ स्फोटकांनी उडवण्याचा कट उघड झाला, तेव्हापासून हा नियम आला. काही विमानतळांवर आता नव्या यंत्रांमुळे तो शिथिल झाला आहे, पण परतीच्या वाटेवर तसं असेलच असं नाही. लोणचं, तूप, श्रीखंड, चटणी हेसुद्धा पातळ पदार्थांतच मोजतात. ते हातातल्या बॅगेत घातले तर तपासणीच्या ठिकाणी टाकून द्यावे लागतात.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. विमान भरलेलं असलं की ऐन दारात कर्मचारी म्हणतात, “तुमची बॅग खाली ठेवतो.” त्या क्षणी तुमची हातातली बॅगही मोठ्या बॅगेसारखीच पोटात जाते. म्हणून तिच्यातच एक छोटी कापडी पिशवी वेगळी ठेवा. तिच्यात औषधं, दागिने, कागदपत्रं आणि पॉवर बँक असू द्या. दारात बॅग मागितली की पिशवी काढायची आणि बॅग द्यायची.

काउंटरवर सोपवायची बॅग

आता मोठी बॅग. अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानांत बहुधा नगावर हिशेब असतो, दर बॅगेला २३ किलो. आखाताकडे जाताना बऱ्याचदा एकूण वजनावर असतो. तिकिटावर काय लिहिलं आहे ते वाचा. एका नगाचं वजन ३२ किलोच्या वर गेलं तर जादा पैसे देऊनही बहुतेक कंपन्या ते घेत नाहीत, कारण ते उचलणाऱ्या कामगारांच्या पाठीचा प्रश्न असतो. घरच्या काट्यावर २३ भरलं तर विमानतळावर साडेतेवीस भरू शकतं, म्हणून बावीसवर थांबा. काउंटरसमोर बॅग उघडून लाडवांचे डबे इकडचे तिकडे करत बसलेली वडीलधारी माणसं बघवत नाहीत.

बॅगेला सुतळी किंवा नायलॉनची दोरी बांधायची आपली जुनी सवय आता सोडायला हवी. दुबई विमानतळाने मार्च २०१७ पासून गोल किंवा एकही बाजू सपाट नसलेल्या बॅगा घेणं बंद केलं. दोरीही पट्ट्याच्या यंत्रात अडकते आणि मग मागच्या शेकडो बॅगा अडतात. चेन कमजोर वाटत असेल तर रुंद पट्टा लावा किंवा बॅग बदला. अमेरिकेत सुरक्षा अधिकारी कुलूपबंद बॅग उघडून बघू शकतात. त्यांच्या किल्लीने उघडणारी ‘टीएसए’ खुणेची कुलपं बाजारात मिळतात, तीच लावा. साधं कुलूप ते तोडतात.

बॅगेवरचे जुने टॅग आणि बारकोडचे बारीक स्टिकर सगळे काढून टाका. यंत्राने चुकून जुना बारकोड वाचला की बॅग भलतीकडे जाते. नाव, फोन आणि ईमेल बॅगेच्या बाहेर लिहा, आणि तोच मजकूर कागदावर लिहून आतही अगदी वर ठेवा. बाहेरचा टॅग तुटला तरी बॅग उघडणाऱ्याला मालक सापडतो. घराचा पूर्ण पत्ता बाहेर लिहू नका, नाहीतर घर बंद असल्याचं सगळ्यांना कळतं. बॅगेला ठळक रंगाची फीत बांधा आणि बंद करण्याआधी आतल्या सामानाचा, बंद केल्यावर बाहेरून, असे दोन फोटो काढा. एअरटॅगसारखं छोटं यंत्र आत टाकलं तर बॅग कुठे आहे ते मोबाइलवर दिसतं.

नवरा-बायको दोघं निघाले असाल तर दोघांचे कपडे दोन्ही बॅगांत निम्मे निम्मे भरा. एक बॅग चुकली तरी दोघांनाही घालायला काहीतरी राहतं. एवढा एकच सल्ला ऐकलात तरी चालेल.

काउंटरवर बॅग दिल्यावर टॅगकडे बघायला लाजू नका. त्यावर तीन अक्षरी खूण असते. मुंबईची बीओएम, पुण्याची पीएनक्यू, नागपूरची एनएजी. आपल्याला जिथे शेवटी उतरायचं तिथली खूण आहे का, हे बघा आणि विचारा, “बॅग शेवटपर्यंत जाणार का, की मध्ये घ्यायची आहे?” अमेरिकेत साधारणपणे पहिल्या विमानतळावरच बॅग ताब्यात घ्यावी लागते, कस्टम्समधून न्यावी लागते आणि पुढच्या विमानासाठी पुन्हा द्यावी लागते. न्यूयॉर्कला उतरून पुढे दुसऱ्या शहरात जाणारे आपले आईवडील बऱ्याचदा हे न कळल्याने बॅग तिथेच सोडून पुढे जातात. परतताना मुंबईत किंवा दिल्लीत उतरून नागपूरला जायचं असेल तरी हेच विचारून घ्या. बॅगेची पावती म्हणजे ते छोटं चिकटपत्र. ते बोर्डिंग पासवर चिकटवून देतात. घरी पोहोचेपर्यंत टाकू नका.

लोणच्याची बरणी कशी बांधायची

काचेची बरणी नको. जाड प्लास्टिकची, आट्यांचं झाकण असलेली घ्या. बरणी गळ्यापर्यंत भरू नका, बोटभर जागा सोडा. तोंडावर आधी प्लास्टिकचा दुहेरी तुकडा ठेवा, मग झाकण घट्ट आवळा, आणि झाकण-बरणीच्या सांध्यावरून चिकटपट्टीचे तीन-चार वेढे द्या. बरणी एका झिपलॉक पिशवीत, ती दुसऱ्या पिशवीत, दोन्हींतली हवा काढून. मग जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून बॅगेच्या मधोमध, उभी, चारही बाजूंनी कपडे. कडेला ठेवली तर आपटताना पहिला मार तिलाच बसतो. लोणचं मुरलेलंच न्या. नुकतं घातलेलं लोणचं वाटेत पाणी सोडतं आणि फसफसतं.

चकली आणि कडबोळी चपट्या डब्यात, थरांमध्ये कागद घालून, आणि डबा हलवला तर आवाज येऊ नये इतका भरलेला. मसाला आणि पिठं शक्यतो दुकानातून सीलबंद, इंग्रजीत नाव छापलेल्या पाकिटांत घ्या. घरची भाजणी न्यायचीच असेल तर पिशवीवर इंग्रजीत नाव आणि घटक लिहून चिकटवा. नाव नसलेली पांढरी पूड बघून अधिकाऱ्याने थांबवलं, तर त्यात त्याचा दोष नाही.

काय नेऊच नये

खसखस. आपल्या अनारशांवर असते, मसाल्यात असते, आपल्याला तिच्यात काहीच वावगं दिसत नाही. पण ती अफूच्या झाडाचं बी आहे, आणि संयुक्त अरब अमिरात व सौदी अरेबियात ती नेणं अमली पदार्थांच्या कायद्याखाली गुन्हा ठरतो. सिंगापूरलाही नेऊ नका. आखातात जाणाऱ्या माणसाबरोबर मसाला पाठवताना त्यात खसखस आहे का, हे दोनदा विचारा.

कढीपत्ता ताजा असो की वाळवलेला, अमेरिकेत नेऊ नका. त्याच्या पानांवर येणाऱ्या किडीमुळे संत्र्या-लिंबांच्या बागा मारणारा रोग पसरतो, आणि फ्लोरिडाच्या बागांचं त्या रोगाने अतोनात नुकसान केलं आहे. हापूसही बॅगेतून जात नाही. २००७ पासून आपला आंबा अमेरिकेत जातो, पण लासलगाव किंवा वाशीसारख्या केंद्रात विकिरण प्रक्रिया होऊन, पेट्या तपासून, व्यापारी मार्गाने. तुमच्या बॅगेतल्या डझनभर आंब्यांना तो रस्ता नाही. मांस, सुकट, बियाणं, रोपं, माती हे सगळं टाळा. होमासाठी गोवऱ्या नेऊ नका. गुरांच्या लाळ्या-खुरकुताचा रोग त्यांतून पसरू शकतो म्हणून त्या जप्त होतात.

सुकं खोबरं तेलकट असल्याने पेट घेणाऱ्या वस्तूंत धरलं जातं आणि आपल्याच विमानतळांवर बॅगेतून काढायला लावतात. कापूर, काडेपेटी, लायटर, फटाके यांचंही तसंच. पूजेचं सामान भरताना हळद-कुंकू, अक्षता, वाती घ्या, कापूर तिथल्या भारतीय दुकानात मिळतो.

जे नेताय ते सांगून न्या. उतरण्याआधी किंवा उतरल्यावर फॉर्मवर ‘खाद्यपदार्थ आहेत का’ असं विचारतात, तिथे ‘हो’ म्हणा. सांगितलेली वस्तू चालत नसेल तर फार तर ती काढून घेतात. लपवलेली सापडली तर दंड होतो. न्यूझीलंडमध्ये तो जागच्या जागी ४०० न्यूझीलंड डॉलरचा असतो, अमेरिकेत पहिल्या वेळी ३०० डॉलर, आणि ऑस्ट्रेलियात तर व्हिसाही रद्द होऊ शकतो. भाषा येत नाही म्हणून घाबरून ‘नो’ म्हणणारी आपली पुष्कळ साधी माणसं यात सापडतात. आईवडिलांना ‘येस, फूड’ एवढे दोन शब्द शिकवून ठेवा.

दुसऱ्याचं पाकीट

आता सगळ्यात कळकळीची विनंती. दुसऱ्याने दिलेलं बंद पाकीट नेऊ नका, मग देणारा कितीही जवळचा असो. २०१९ साली मुंबईचं एक तरुण जोडपं कतारला निघालं. नात्यातल्याच बाईंनी ही सहल भेट दिली होती आणि कुणासाठी तरी म्हणून एक पाकीट बरोबर दिलं होतं. दोहाला त्यात सुमारे चार किलो चरस सापडला. दोघांना दहा-दहा वर्षांची शिक्षा झाली. बायको गरोदर होती, तिचं बाळ तिथल्या तुरुंगात जन्मलं. भारतातल्या तपासातून ते फसवले गेल्याचं पुढे आलं आणि २०२१ मध्ये ते निर्दोष सुटून परत आले. तोपर्यंत जवळजवळ दोन वर्षं गेली होती.

काउंटरवर विचारतात, “बॅग तुम्ही स्वतः भरली का?” या प्रश्नाला खरं ‘हो’ म्हणता यावं, एवढाच नियम पाळा. शेजाऱ्यांच्या मुलासाठी लाडू न्यायचे असतील तर डबा उघडा घ्या, समोर बघा आणि स्वतःच्या हाताने भरा. कुणाला राग आला तरी येऊ द्या.

पैसा आणि दागिने

दागिने जितके कमी तितकं बरं. लग्नकार्यासाठी न्यावेच लागत असतील तर अंगावर किंवा हातातल्या बॅगेत न्या, आणि निघताना इथल्या विमानतळावर कस्टम्सच्या अधिकाऱ्याला दाखवून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या. सोनाराची पावती, वजन आणि फोटो बरोबर असू द्या. नाहीतर आपल्याच बांगड्या परत आणताना त्या तिकडून विकत घेतल्या नाहीत, हे सिद्ध करत बसावं लागतं. या सर्टिफिकेटसाठी अर्धा तास लवकर निघा.

भारतीय रुपये बरोबर २५,००० पर्यंतच नेता येतात. परकीय चलनाच्या नोटा बहुतेक देशांसाठी एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंत, बाकीचे पैसे फॉरेक्स कार्डावर. अमेरिकेत १०,००० डॉलरच्या वर रोकड असेल तर सांगावी लागते, आणि कुटुंब मिळून एकच हिशेब धरतात.

बॅग आलीच नाही तर

पट्टा थांबला आणि बॅग आली नाही, तर विमानतळाबाहेर पडू नका. बाहेर पडून मग फोन करू, असं म्हणणाऱ्याची बाजू कमजोर होते. तिथेच विमान कंपनीच्या सामानाच्या काउंटरवर जा, बॅगेची पावती दाखवा आणि लेखी तक्रार नोंदवा. तिला ‘पीआयआर’ म्हणतात. तिचा क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका. बॅगेचा फोटो इथे कामाला येतो, कारण “काळी, मध्यम आकाराची” अशा बॅगा त्यांच्याकडे ढिगाने असतात. फुटलेली बॅगही तिथेच दाखवा.

मग मुदती सांभाळा. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाबद्दलच्या १९९९च्या माँट्रियल कराराला भारत २००९ पासून बांधील आहे. त्यानुसार नुकसानीची लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून ७ दिवसांत, आणि उशिराची तक्रार बॅग हाती आल्यापासून २१ दिवसांत करावी लागते. २१ दिवसांत बॅग आलीच नाही तर ती हरवली असं धरून भरपाई मागता येते. कोर्टात जायचं तर दोन वर्षांच्या आत. भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून प्रवाशामागे १,५१९ एसडीआर (करारातलं हिशेबाचं एकक) आहे, म्हणजे दोन हजार अमेरिकी डॉलरच्या आसपास. ही कमाल मर्यादा आहे, आपोआप मिळणारी रक्कम नव्हे. काय होतं आणि कितीचं होतं, ते दाखवावं लागतं. दागिने, रोकड, लॅपटॉप मोठ्या बॅगेत होते असं म्हटलं तर बहुतेक कंपन्या त्यांच्या अटींवर बोट ठेवतात. बॅग येईपर्यंत घेतलेल्या गरजेच्या कपड्यांची, साबण-पेस्टची बिलं जपून ठेवा, तो खर्च मागता येतो. प्रवासविमा असेल तर विमा कंपनीलाही त्याच दिवशी कळवा, तिलाही पीआयआर लागतो.

मुक्कामी पोहोचल्यावर

पॅरिसची मेट्रो, बार्सिलोनाची ला रांब्ला, रोममध्ये स्टेशनपासून व्हॅटिकनकडे जाणारी ६४ नंबरची बस, ही खिसेकापूंची जुनी ठिकाणं आहेत. पॅरिसमध्ये कागद पुढे करून सही मागणाऱ्या मुली येतात. एक सही घेत असताना दुसरीचा हात पर्समध्ये असतो. थांबू नका, बोलू नका, चालत राहा. हॉटेलच्या नाश्त्याला जाताना पर्स खुर्चीला अडकवून ताट घ्यायला उठू नका. टूरवरची कितीतरी माणसं इथेच फसतात, कारण हॉटेलात आपण निर्धास्त असतो.

पासपोर्ट शक्यतो खोलीतल्या तिजोरीत आणि झेरॉक्स जवळ. जपानमध्ये मात्र परदेशी पाहुण्याने पासपोर्ट जवळ बाळगावा असा कायदाच आहे. सगळे पैसे आणि सगळी कार्डं एका पाकिटात ठेवू नका. नवऱ्याकडे एक, बायकोकडे दुसरं. कार्ड बंद करायचा बँकेचा नंबर पत्ता-फोन लिहिलेल्या त्या कागदावरच लिहून ठेवा.

परदेशातल्या मुलांना

शेवटचं सांगणं तुम्हाला, जे तिकडे आईवडिलांची वाट बघता. येताना काय आणू, असं आई विचारते तेव्हा चार वस्तू सांगा आणि थांबा. काय आणायचं नाही, याची यादी तुम्ही पाठवा, तिथले नियम तुम्हाला माहीत आहेत. कुठल्या विमानतळावर बॅग घ्यायची, फॉर्मवर काय लिहायचं, हे मोठ्या अक्षरात मराठीत लिहून पाठवा आणि फोनवर एकदा वाचून घ्या. मित्राच्या आईच्या बॅगेतून स्वतःसाठी काही मागवू नका. आणि निघायच्या आदल्या रात्री व्हिडिओ कॉल करून एवढंच विचारा: “आई, औषधं हातातल्या बॅगेत आहेत ना? बाबा, पासपोर्ट अंगावर आहे ना?” दोघांनी हो म्हटलं, की मोठ्या बॅगेचं काहीही होवो. तिच्यातलं सगळं पुन्हा विकत घेता येतं.